दोरी बांधायच्या आधी

टेक्सासात ऑस्टिनहून दक्षिणेला निघालं की तासाभराच्या आत सॅन मार्कोस लागतं. तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, सातव्या मजल्यावर, एक प्रेत ठेवलेलं आहे. कापडात गुंडाळून बांधलेलं, पुरुषभर लांब. अर्थात खोटंच, १९८९ साली आलेल्या एका टीव्ही मालिकेसाठी बनवलेलं. मालिकेची पटकथा बिल विटलिफ यांची. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने या विद्यापीठात आपला संग्रह उभा केला, आणि चित्रीकरणातले कपडे, वस्तू, कागदपत्रं असं बरंच काही तिथे येऊन विसावलं. २०२३ मध्ये लेकीकडे गेलो होतो तेव्हा हट्टाने जाऊन आलो. गाडी जावईबापू चालवत होते. परतताना त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "बाबा, अलामोचा किल्ला बघायचा राहिला आणि आपण हे बघितलं!"

मी हसून वेळ मारून नेली. त्या बोचक्यासमोर मी वीसेक मिनिटं उभा होतो हे त्यांनी मोबाइलवर वेळ बघत मोजलं असणारच. माझ्याआधी तिथे एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती. मला टोपी नव्हती, म्हणून हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

मालिकेचं नाव 'लोनसम डव्ह'. मला ती भेटली १९९९ साली, डॅलसला. आमच्यासारख्यांना तेव्हा तिथे दोनच उद्योग होते: आठवडाभर वायटूकेच्या नावाने वर्षाचे दोन आकडे चार करायचे आणि शनिवारी मॉलमध्ये काहीही विकत न घेता फिरायचं. ऑफिसात एक निवृत्तीला आलेला टेक्सन होता. बोलायचा कमी, बेल्टचं बक्कल मात्र ताटलीएवढं. एकदा जेवताना मी काउबॉय लोकांवर काहीतरी विनोद केला. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर व्हिडिओ कॅसेटचा खोका होता आणि त्यावर चिठ्ठी: वाचून, म्हणजे बघून, परत कर.

सहा तासांचा मामला. पहिला तासभर तर काही घडतच नाही. मेक्सिकोच्या सीमेवर रिओ ग्रांदेच्या काठी एक मरगळलेलं खेडं, धूळ, डुकरं, आणि दोन म्हातारे. त्यातला एक सावलीत बसून सतत बडबडतो, दुसरा दिवस मावळेपर्यंत काम करतो आणि मग लोकांपासून दूर नदीकडे जाऊन बसतो. बडबड्या तो ऑगस्टस मॅक्रे, सगळ्यांचा गस. अबोल तो कॅप्टन वुड्रो कॉल. दोघे टेक्सास रेंजर होते, म्हणजे सरहद्दीवर गस्त घालणारे शिपाई. ऐन उमेदीत कोमांची आदिवासी टोळ्यांशी आणि दरोडेखोरांशी लढले. आता लढायला कुणी उरलं नाही म्हणून घोडे-गुरं विकायचा धंदा टाकलाय. रेंजर म्हणजे काय साधुसंत नव्हते. मेक्सिकन आणि मूळ रहिवाशांच्या आठवणीत त्यांचं नाव वेगळ्याच सुरात घेतलं जातं. मालिकेत हे फारसं येत नाही, आणि त्यातला ब्लू डक नावाचा खलनायक तर निव्वळ राक्षस आहे, त्याला माणूसपण द्यायची तसदी कुणी घेतलेली नाही. ही खोट मला पहिल्यांदा दिसली नव्हती. तिसऱ्यांदा दिसली, आणि तरी चौथ्यांदा बघितलंच.

गसचं काम रॉबर्ट डुव्हालने केलंय, कॉलचं टॉमी ली जोन्सने. डुव्हालला आधी कॉलची भूमिका देऊ केली होती म्हणतात, पण त्याने गसच मागून घेतला. बरं झालं. कारण या दोघांच्या मैत्रीत एकमेकांना आवडतो असं सांगणारं एकही वाक्य नाही. आहे ती सगळी कुरकुर. गस म्हणतो तू माणूसघाणा आहेस, कॉल म्हणतो तू आळशी आहेस. तीस वर्षं. आमच्या चाळीत अशी जोडपी होती, नवरा-बायकोचीही आणि मित्रांचीही.

१९८९ च्या फेब्रुवारीत सीबीएस वाहिनीने ही मालिका ओळीने चार रात्री दाखवली. त्या वेळी वेस्टर्न म्हणतात त्या काउबॉय-मालिका जवळजवळ संपल्यात जमा होत्या. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तिकडच्या टीव्हीवर संध्याकाळी बंदूकवाल्यांची नुसती रांग असायची. 'गनस्मोक' तर १९५५ ते १९७५, वीस वर्षं, ६३५ भाग चालली. मग लोकांना वीट आला. अशा काळात ही दोन म्हाताऱ्यांची गोष्ट आली आणि अमेरिका चार रात्री टीव्हीसमोरून उठली नाही. आपल्याकडे त्याच फेब्रुवारीत रविवारी सकाळी रस्ते ओस पडत होते, महाभारत लागायचं म्हणून. आमच्या मजल्यावर दोन टीव्ही होते. एकासमोर कर्णाच्या बाजूचे बसायचे, दुसऱ्यासमोर अर्जुनाच्या. नाना कुठेच बसायचे नाहीत. ते गॅलरीत विडी ओढायचे. नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे येतोच आहे.

गस आणि कॉलचा जुना साथीदार जेक स्पून एके दिवशी खेड्यात उगवतो. देखणा, गोडबोल्या, पत्त्यांचा शौकीन. आर्कान्सात त्याच्या हातून चुकून एक माणूस मेलाय, म्हणून पळालाय. मोंटानात कसं हिरवंगार मोकळं रान आहे याचं तो वर्णन करतो आणि कॉलच्या डोक्यात किडा शिरतो: गुरांचा कळप घेऊन तिकडे जायचं. तीन हजार मैल. का? कुणालाच नीट सांगता येत नाही, कॉलला तर नाहीच. निघतात. जेकही निघतो, पण कळपाबरोबर नाही, थोडा बाजूने, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या लोरेनाला घेऊन. मग एका रात्री तिला माळावर एकटी सोडून पत्ते खेळायला जातो आणि ब्लू डक तिला उचलून नेतो. तिला सोडवायला जातो गस, एकटा.

इथे एक थांबा घेतो. बंदूकवाल्यांचा कणखरपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पिस्तूल येतं. गस पिस्तूल चालवतो, आणि झकास चालवतो. पण मला त्याचा खरा कस दिसला तो त्यानंतर. लोरेना वाचलीय, पण बोलत नाही, कुणी पुरुष जवळ आला की थरथरते. आणि हा बडबड्या माणूस कळप पुढे जाऊ देतो, मागे एका तंबूपाशी तिच्यासोबत थांबतो, हळू आवाजात काहीबाही बोलत राहतो, तिने उत्तर द्यावं अशी अपेक्षाही न ठेवता. मेणाहून मऊ आणि वज्राहून कठीण हे एकाच माणसाबद्दल म्हणता येतं, हे लहानपणी भजनात ऐकलं होतं. बघितलं नव्हतं.

जेक मात्र घसरत जातो. त्याच्या घसरण्यात कुठेही मोठा निर्णय नाही, हे मला फार खरं वाटलं. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना वाटेत सोबत हवी म्हणून तो सग्ज नावाच्या तीन भावांबरोबर निघतो. ते चोर आहेत हे त्याला कळतं. उद्या सोडू म्हणतो. मग ते खुनी आहेत हे कळतं. परवा सोडू. दोन शेतकऱ्यांना मारून, टांगून, जाळतात, तेव्हा हा बाजूला घोड्यावर बसलेला असतो. माग काढत गस, कॉल आणि त्यांची माणसं येतात. झोपेत असलेल्यांना पकडतात. जेकला आधी वाटतं, सुटलो! आपलीच माणसं! त्याचे हात बांधले जातात तरी त्याला ती थट्टा वाटते. मग झाडाखाली घोडे उभे केले जातात आणि त्याच्याही गळ्यात दोर येतो.

गस त्याला सांगतो, तू रेषा ओलांडलीस. जेक म्हणतो, मला कुठे रेषा दिसलीच नाही. खोटं बोलत नाही तो. त्याला खरंच दिसली नव्हती. समोर न्यूट उभा आहे, मिसरूडही न फुटलेला पोरगा, जेकला देव मानणारा. कॉलचा चेहरा दगडी. गसच्या डोळ्यांत पाणी. कुणी घोड्याला चाबूक मारायच्या आत जेक स्वतःच टाच मारतो. परक्यांच्या हातून मरण्यापेक्षा मित्रांच्या हातून मेलेलं बरं, असं काहीसं पुटपुटून. मग ते त्याला नीट पुरतात.

त्या रात्री डॅलसच्या अपार्टमेंटमध्ये मी कॅसेट थांबवली आणि भांडी घासायला घेतली. रात्रीचा एक वाजला होता. मला विष्णूकाका आठवत होते.

विष्णूकाका आणि नाना एकाच गावचे, मालवणच्या अलीकडचे. पन्नासच्या दशकात दोघे एकाच बोटीने मुंबईला आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत एकाच वळकटीवर पाळीपाळीने झोपले. नाना रातपाळीला तर काका दिवसपाळीला, म्हणून वळकटी कधी गार व्हायची नाही असं आई सांगायची. दोघेही कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांवर. पुढे एकाच पाळीत, समोरासमोरचे साचे. त्या आवाजात बोलता यायचं नाही, म्हणून ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायचे. ती सवय घरीही लागलेली. दोघे खोलीत बसले की बोलल्याशिवाय तासन्‌तास गप्पा चालायच्या. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, अडीच लाख माणसं. भोंगे थांबले तेव्हा पहिले काही दिवस आम्हाला झोपच लागेना. मी चौदा वर्षांचा होतो. नाना पहाटे दादरच्या बाजारात हमाली करायला लागले, आई खाणावळीच्या चपात्या लाटायची. दिवाळी झाली. आणि त्यानंतर कधीतरी एका रात्री विष्णूकाका गेटातून आत गेले. पोलीस बंदोबस्तात, ट्रकमध्ये बसून. सकाळी चाळीत बातमी आली: इष्णो फुटला.

नानांनी ती ऐकली तेव्हा ते दाढी करत होते. त्यांनी दाढी पुरी केली. वाटी धुतली. ब्रश धुऊन उपडा ठेवला. त्या दिवसापासून काकांचं नाव आमच्या घरात बंद.

दोर नव्हता, झाड नव्हतं. पण चाळ एखाद्याला कशी टांगते हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. नळावर बादली मागे सारली जायची. गणपतीच्या वर्गणीला त्यांच्या दारावरून पोरं पुढे जायची. काकांच्या मुलाशी मी बोलायचो, पण जिन्यात, कुणी नसताना. पुढे कळलं, काकूंना टीबी झाला होता. हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. चाळीत किती जणांना आधीच माहीत होतं, ते मी कधी विचारलं नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. नानांना परत कामावर घेतलं नाही. काकांची गिरणीही पुढे बंदच पडली. म्हणजे हिशोब करायचा तर दोघेही हरले, पण असा हिशोब कुणी करत नाही.

कॅसेट परत करायला गेलो तेव्हा त्या टेक्सनने एवढंच विचारलं, "रविवारी काय करतोयस?" आणि मला फोर्ट वर्थच्या पलीकडे वेदरफर्ड नावाच्या गावी घेऊन गेला. तिथल्या दफनभूमीत दोन थडगी आहेत. गोष्टीच्या मुळाशी ती खरी माणसं आहेत.

चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग हे दोघे भागीदार. १८६६ साली त्यांनी टेक्सासातून न्यू मेक्सिकोकडे गुरं हाकायची नवी वाट पाडली. लव्हिंग पन्नाशी ओलांडलेला, गुडनाइट तिशीचा. पुढच्याच वर्षी लव्हिंग एका माणसाला बरोबर घेऊन कळपाच्या पुढे गेला असताना पेकोस नदीजवळ कोमांचींनी गाठलं. सोबतचा माणूस, एक हात असलेला बिल विल्सन, नदीतून निसटून अनवाणी, जवळपास उघडाच चालत मागे कळपापर्यंत आला. लव्हिंग जखमी अवस्थेत फोर्ट समनरला पोचला, पण हाताची जखम सडली आणि सप्टेंबर १८६७ मध्ये तो गेला. जाण्याआधी त्याने गुडनाइटकडून शब्द घेतला: मला परक्या मुलखात ठेवू नकोस. तात्पुरतं तिथेच पुरलं. गुडनाइटने आधी कळप पोचता केला, हेही लक्षात घ्या, धंदा सोडला नाही. मग परत येऊन प्रेत उकरलं. तेलाचे डबे ठोकून सपाट करून, पत्रे एकमेकांना डाख देऊन पेटी केली, आत कोळसा ठासला, आणि गाडीतून शेकडो मैल आणून वेदरफर्डला मूठमाती दिली. लॅरी मॅकमर्ट्रीने १९८५ च्या आपल्या कादंबरीत हे धागे घेतले. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि त्यावरून ही मालिका झाली.

दुसरं थडगं बोस आयकार्डचं. हा जन्माने गुलाम. मुक्त झाल्यावर गुडनाइटबरोबर त्या वाटेवर राबला. गुडनाइट म्हणायचा की कुणाहीपेक्षा माझा याच्यावर जास्त भरवसा होता. रोकड सांभाळायलाही तोच. १९२९ साली आयकार्ड गेला तेव्हा गुडनाइट नव्वदी ओलांडलेला होता. त्याने दगड बसवला आणि त्यावर कोरून घेतलं की याने माझ्याकडे चार वर्षं काम केलं, कामात कधी कुचराई केली नाही, कधी हुकूम मोडला नाही, किती तरी वेळा बिथरलेल्या कळपांत माझ्याबरोबर घोडा घातला, कोमांचींशी तीन चकमकी लढला. आणि शेवटी दोन शब्द, वागणूक उत्तम. वर्ष संपायच्या आत गुडनाइटही गेला.

मी तो मजकूर दोनदा वाचला. टेक्सन शेजारी च्युइंग गम चघळत होता. मला त्या 'हुकूम मोडला नाही'ने टोचलं. ही मैत्री म्हणायची की चाकरी? मित्राच्या थडग्यावर कुणी 'आज्ञाधारक होता' असं लिहितं का? मालिकेत हाच माणूस जोशुआ डीट्स झालाय, डॅनी ग्लोव्हरने केलेला. पुढे कुठे पाणी आहे, वाट कुठून जाते, सगळं तो शोधणार. संकटात तोच आधी. आणि मरतो तोच, एका आंधळ्या मुलाला उचलून घ्यायला गेला म्हणून गैरसमजातून भाला खाऊन. कॉल त्याच्यासाठी फळी कोरतो. तासन्‌तास, एकटा, कुणाला हात लावू देत नाही. आयुष्यभर त्याला जे बोलता आलं नाही ते तो चाकूने लाकडात बोलतो. डीट्सला ते वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. पण कॉलसारख्या माणसाला बोलायला समोरचा मेलेलाच लागतो.

न्यूटची गोष्ट हीच. तो कॉलचा मुलगा आहे. गसला माहीत आहे, डीट्सला माहीत होतं, कळपातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, खुद्द न्यूटला संशय आहे. कॉल ते मान्य करत नाही, कारण ती बाई वेश्या होती आणि तिच्याकडे जाणं ही त्याच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट आहे जिची त्याला लाज वाटते. ओगलाला गावात एक सैनिकी वाटाड्या न्यूटला चाबकाने मारतो तेव्हा कॉल घोड्यावरून येतो आणि त्या माणसाला असा बदडतो की शेवटी गसला फास टाकून, बैल ओढावा तसा मित्राला मागे ओढावं लागतं. मग कॉल धुरळा झटकतो आणि जमलेल्या लोकांना सांगतो की उद्धटपणा मला खपत नाही. झालं! एवढंच कारण. 'माझ्या पोराला मारलंस' हे तीन शब्दांचं वाक्य त्याच्या घशाबाहेर येत नाही.

मोंटानात गसच्या पायात बाण घुसतात. माइल्स सिटीत डॉक्टर एक पाय कापतो. दुसराही कापायला हवा, पण तोवर शुद्धीवर आलेला गस पिस्तूल उशाशी ठेवून नाही म्हणतो. कॉल येतो. दोघांमध्ये शेवटचं भांडण होतं, कारण त्यांना दुसरं काही येत नाही. गस दोन गोष्टी मागतो. पोराला नाव दे. आणि मला टेक्सासात नेऊन पुर, ग्वादालुपे नदीकाठच्या त्या झाडीत, जिथे मी क्लाराबरोबर, माझ्या जुन्या प्रेमाबरोबर, सुखात होतो.

कॉल दुसरी गोष्ट करतो.

मीठ आणि कोळशात ठेवलेलं प्रेत घेऊन तो तीन हजार मैल मागे जातो. वाटेत गाडी मोडते, लोक वेड्यात काढतात, गोळी लागते. जायच्या आधी न्यूटला स्वतःची घोडी देतो, बंदूक देतो, बापाचं घड्याळ देतो. सगळं देतो, नाव देत नाही. वाटेत क्लारा त्याला गाठून फाडफाड बोलते. कादंबरीत ती म्हणते की वचन म्हणजे नुसते शब्द, मुलगा म्हणजे जित्ताजागता जीव, आणि तुम्ही शब्दामागे चाललात. कॉल ऐकून घेतो, टोपी घालतो, निघतो. मॅकमर्ट्रीने पुढे एके ठिकाणी नाराजीने लिहिलंय की मी एका कठोर काळातल्या कठोर माणसांबद्दल लिहायला गेलो आणि लोकांनी त्याचा आदर्श करून टाकला. मला ते वाचून जरा ओशाळं झालं. सॅन मार्कोसला टोपी काढून उभ्या असलेल्या त्या गृहस्थांनाही झालं असतं, बहुधा.

२००४ साली मला डीव्हीडी मिळाली. आम्ही डोंबिवलीला आलो होतो, आई गेली होती, नाना सत्तरीचे. पावसाळ्यातला रविवार, वीज होती हेच नशीब. मी कॉम्प्युटरवर लावून बसलो होतो आणि नाना मागे खुर्चीत पेपर घेऊन. थोड्या वेळाने पेपर खाली आला. इंग्रजी कळायचं नाही, मी अधूनमधून सांगत होतो. गुरं आवडली त्यांना. नदीत सापांनी पोरगा मेला तेव्हा "च्च" केलं. गस आवडला. कॉलबद्दल काही बोलले नाहीत.

जेकच्या फाशीचा प्रसंग आला तेव्हा मी सांगायचा थांबलो. सांगण्यासारखं काही नव्हतंच, सगळं दिसत होतं. घोड्यावर बसलेला तो देखणा माणूस, मागे बांधलेले हात, कसंनुसं हसू. मला वाटलं नाना उठून जातील. नाहीतर म्हणतील, बरोबर केलं. मी दोन्हींची तयारी ठेवली होती.

प्रसंग संपला. नानांनी विचारलं,

"इचारल्यानी काय तेका? कित्याक केलंस म्हणान?"

मी म्हटलं, नाही, तसं काही विचारलं नाही. त्याने काय केलं ते त्यांना दिसलंच होतं.

"ता दिसता. ता सगळ्यांकाच दिसता." ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. तिथे पुढचा प्रसंग सुरू झाला होता. "तो हलको माणूस. असल्याक एकटो सोडूचो नसता. तेंका म्हायत होता तो कसो तो. कळपाबरोबर ठेवल्यानी असते तर…" वाक्य तिथेच सोडून त्यांनी पेपर उचलला. मग पेपरामागून, "तीस वर्सांचे दोस्त. दोरी बांदूच्या आदी इचारूचा."

मी मान वळवली नाही. वळवली असती तर ते पुढे काही बोलले असते की नाही, कोण जाणे. आमच्या घरात पाठमोरं बसूनच महत्त्वाचं बोललं जातं. पुढचे दोन तास आम्ही दोघांनी ती मालिका बघितली. गसचं प्रेत गाडीवर चढवलं तेव्हा नाना झोपले होते, किंवा डोळे मिटून होते.

विष्णूकाका १९९६ साली वारले होते. नाना त्यांच्या मयताला गेले नव्हते. आईने दोनदा सांगून पाहिलं. ते गॅलरीत विडी ओढत उभे राहिले, खालून तिरडी गेली तेव्हाही तिथेच होते. मी तेव्हा बँगलोरला होतो, आईने फोनवर सांगितलं. मला राग आला होता. चौदा वर्षं झाली, माणूस मेला, आता तरी! कॉलवर मी जो राग काढतो तो कुठून येतो हे मला माहीत आहे.

नाना २००९ मध्ये गेले. बाराव्याला विष्णूकाकांचा मुलगा आला होता. आता तोही अर्धा पांढरा झालेला. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघे जिन्यात उभे राहिलो, जुन्या सवयीने. इकडचं तिकडचं बोललो. मग तो म्हणाला, "तुला माहीत असेलच, बाबा गेले तेव्हा नाना सावडायला आले होते."

मला माहीत नव्हतं.

"तिसऱ्या दिवशी पहाटे. आम्ही चौघेच होतो, अजून उजाडलं नव्हतं. भोईवाड्याला स्मशानाच्या गेटाशी कुणीतरी उभं दिसलं. मला वाटलं तिथलाच माणूस. जवळ गेलो तर नाना. काही बोलले नाहीत. आमच्याबरोबर आत आले, खाली बसले, आमच्यासारखंच वेचायला लागले. मग मडकं उचललं ते त्यांनीच उचललं. मी म्हटलं नाना, द्या माझ्याकडे, टॅक्सी सांगितलीय. दिलं नाही. हाताने असं केलं," आणि त्याने हवेत हात हलवून दाखवला, साच्यांच्या आवाजात करायचे तशी खूण. चला. "दादर चौपाटीपर्यंत चालत गेले. आम्ही मागे मागे. टॅक्सी त्याच्या मागे."

"काहीच बोलले नाहीत?"

"निघताना बोलले. आईला बरं आहे ना, म्हणाले."

तो गेल्यावर मी बराच वेळ जिन्यातच होतो. वरून कुणीतरी पातेली घासत होतं. भोईवाड्यापासून दादर चौपाटी, मी मनातल्या मनात रस्ता चालून बघत होतो, कुठून वळले असतील, सिग्नलला थांबले असतील का. तीन किलोमीटर असेल. साडेतीन.